दीडशे एकर, पीक शून्य

बाळापूरचा माणूस गाव सोडून लांब निघाला की कारणं ठरलेली असतात. नागपूरला निघाला तर दवाखाना किंवा कोर्ट. मुंबईला निघाला तर मोठा दवाखाना किंवा मंत्रालय. पुण्याला निघाला तर पोराची नोकरी, नाहीतर सुनेचं बाळंतपण. शेगावला जाणं तर आम्ही प्रवासात धरतच नाही. या यादीत गोल्फ कुठं बसवावा हे गावाला अजून सुचलेलं नाही. ‘गोल्फपायी चाललो’ म्हटलं की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, “कोणाले हाय? डॉक्टर काय म्हून राह्यले?”

मला स्वतःला गोल्फ नाही. माझ्या धाकट्या साळ्याला आहे. तो तोफखान्यात होता, कर्नल होऊन निवृत्त झाला आणि पुण्यात राहिला. आयुष्यभर ज्यानं मैलोगणती लांब गोळे टाकले, त्याला आता एक पांढरा चेंडू दोनशे यार्डावर नेमका टाकता येत नाही, हे दुःख घेऊन तो देशभर हिंडतो. सोबतीला त्याला असा माणूस लागतो, जो चार तास उन्हात चालेल, मध्ये बोलणार नाही आणि शेवटी ‘आज तुझा हात चांगला होता’ असं म्हणेल. घरोघरी शोधूनही असा माणूस मिळेना, तेव्हा बहिणीच्या नवऱ्याची आठवण झाली. मी जिनिंगमधला निवृत्त हिशेबनीस. आमच्या मंडळींनी परवानगी देताना एवढंच म्हटलं, “जाऊन या. घरी तरी कोन्ते दिवे लावून राह्यले?”

आता मी हिशेबनीस असलो तरी जात कास्तकाराची. थोडंसं वावर आहे, काळं, खोल मातीचं. त्यामुळे होतं काय, की गोल्फ कोर्सवर पाय ठेवला की कर्नलला झेंडा दिसतो आणि मला जमीन दिसते. येरवड्याला पूना क्लबचा कोर्स पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला, “एकर किती?” त्याला प्रत्येक झेंड्यापर्यंतचं अंतर यार्डात पाठ होतं. एकर माहीत नव्हते. आजवर ज्या ज्या गोल्फवाल्याला विचारलं, त्याला एकर माहीत नव्हते. स्वतःच्या पायाखाली किती जमीन आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आमच्याकडे पोरगी देत नाहीत. शेवटी मीच माहिती काढली. अठरा होलच्या कोर्सला शंभर ते दोनशे एकर लागतात. दीडशे धरून चाला. दीडशे एकर, बारमाही पाणी, रोज कापणी, आणि घरी काय आलं? स्कोअरकार्ड.

खेळ मात्र मापाचा आहे, हे कबूल. चेंडू 45.93 ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, भोक 108 मिलिमीटरचं, पिशवीत काठ्या जास्तीत जास्त 14. एवढ्या बारकाईचा काटा आमच्या मार्केट यार्डात बसवला तर कास्तकार तेरवीचं जेवण घालतील, फक्त कोणाच्या ते सांगणार नाहीत. काठ्यांना मर्यादा आहे, पण पिशवीत खाण्यावर मर्यादा नाही, हे नियमपुस्तक चाळून मी आधीच खात्री करून घेतली. तेव्हापासून कर्नलच्या पिशवीचा एक कप्पा शेगावच्या कचोरीकडे आहे.

गवताची गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. एका कोर्सवर (नाव राहू द्या) कर्नल चेंडूसमोर उभा राहून ढुंगण हलवत होता. मारण्याआधी हे करावंच लागतं. मी सहज खाली वाकलो आणि पायाखालचं गवत पाहिलं. गाठीगाठीला मुळं, जमिनीलगत धावणाऱ्या कांड्या, टोकाला तीन बोटांसारखा तुरा. मी ओळखलं नाही तर कोण ओळखणार? माझ्या बापानं जन्मभर हिच्याशी भांडण केलं, आजानं केलं. हराळी! माळ्याला विचारलं तर म्हणाला, “काका, ही बर्म्युडा आहे. मुद्दाम लावलीय.” वनस्पतिशास्त्रात ती *सायनोडॉन डॅक्टिलॉन*, गणपतीपुढे ती दूर्वा, आणि कपाशीत शिरली की ती आमच्या घरातली मयत. निंदणाच्या बायकांना मजुरी देऊन, डवरे फिरवून, शेवटी तणनाशक मारून आम्ही जिला काढतो, तिला इथं खत आहे, तुषार सिंचन आहे, बुरशीनाशक आहे, आणि कोणी टाचेनं उचकटली तर ती जागेवर दाबून बसवण्याचा शिष्टाचार आहे. आमच्या वावरातल्या हराळीला हे कळलं तर ती एका रात्रीत पुण्याची गाडी पकडेल.

त्या दिवशी हात आपोआप गेला आणि मी एक चांगली वीतभर कांडी मुळासकट उपटली. मागून कॅडी एवढ्या मोठ्यानं ओरडला की कर्नलचा फटका तळ्यात गेला. त्याचं म्हणणं, माझ्यामुळे गेला. मागचे दोन कोणामुळे गेले होते, हे मी विचारलं नाही. मला बोलायचं नव्हतं ना.

या खेळाला पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे, आपणच लिहायचे. हे मी गावात सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. ग्रामपंचायतीची मतमोजणी तहसीलदारासमोर होऊनही फेरमोजणीचा अर्ज पडतो, तिथं हे. “सोताच मोजाचं? मंग हारते कोण?” असं आमच्या शेजाऱ्यानं विचारलं आणि त्यावर कर्नलकडेही उत्तर नव्हतं. तो फक्त म्हणाला, “भाऊजी, हा जंटलमन लोकांचा खेळ आहे.” त्यानंतर तळ्यातल्या चेंडूंचे फटके कार्डावर लिहिताना त्याचं बोट जरा थबकलं, ते मी पाहिलं. लिहिले मात्र सगळे. फौजी माणूस आहे.

हँडिकॅप मला लवकर कळला, कारण आमच्या जिल्ह्याचं अर्धं अर्थकारण त्यावरच चालतं. जो जितका कच्चा, त्याला तितकी सूट, आणि ती सूट कागदावर लिहून मिळते. आमच्याकडे पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की सारावसुलीत सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. गोल्फमध्ये हा आकडा 54 पर्यंत जातो. फरक एवढाच की गोल्फवाला आपला आकडा दरवर्षी खाली आणायला धडपडतो. पैसेवारी खाली आली म्हणून पेढे वाटणारे आम्ही नाही, पण वर गेली की मोर्चा काढणारे जरूर आहोत.

प्रवासात पाहिलेले सगळे कोर्स इथं मांडत बसत नाही. खारघरचा सिडकोचा कोर्स डोंगराच्या कुशीत आहे, पैसे भरून कोणीही खेळू शकतो, आणि पावसाळ्यात त्या डोंगरावरून धबधबे सुटतात. मी धबधबे पाहिले. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीचा कोर्स 1927 पासूनचा. मुंबईत एवढी मोकळी जमीन पाहून माझ्या मनात पहिला विचार बिल्डरचा आला, म्हणजे मुंबईची हवा कोणालाही लागते. सिमल्याजवळच्या नालदेऱ्याला देवदारांच्या उतारावर चेंडू मारतात. लॉर्ड कर्झनला ती जागा एवढी आवडली की 1904 मध्ये जन्मलेल्या मुलीचं नाव त्यानं अलेक्झांड्रा नालदेरा ठेवलं. वावराचं नाव पोरीला! आमच्याकडे पोरीच्या नावानं वावर जातं, तेही लग्नाच्या वर्षी.

दिल्लीत मात्र मी थांबलो. दिल्ली गोल्फ क्लबच्या कोर्सवर झाडांमधून जुने मकबरे उभे आहेत. लाल बंगला म्हणून लाल दगडाची वास्तू आहे, घुमट आहेत, मोर हिंडतात, आणि त्यांच्या मधून माणसं पांढऱ्या टोप्या घालून चालतात. कर्नल म्हणाला, “बघा भाऊजी, असा इतिहास जगात कुठल्या कोर्सवर नाही.” मी गप्प बसलो नाही. म्हटलं, इतिहासाचं आम्हाला सांगू नको. आमच्या नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. पुरंदरचा तह करून 1665 मध्ये ज्यांनी शिवाजी महाराजांकडून किल्ले घेतले, दोनच वर्षांनी बुऱ्हाणपुरात जे वारले, ते मिर्झाराजे. तिच्या कोरीव खांबांखाली आजही बसायला सावली मिळते. मनापासून सांगतो, दिल्लीच्या मकबऱ्यांचे आणि आमच्या छत्रीचे हाल साधारण सारखेच. तिथं चेंडू लागतात, इथं बदामातले बाण आणि प्रेमिकांची नावं.

प्राण्यांचं गोल्फवाल्यांना भारी कौतुक. युगांडात जिंजा गावच्या कोर्सवर पाणघोड्याच्या पावलाच्या खड्ड्यात चेंडू गेला तर उचलून बाजूला ठेवायची मुभा होती, हे कर्नल प्रत्येक पार्टीत सांगतो. मूळ नियमातही प्राण्यानं केलेल्या बिळातून फुकट सुटका आहे, दंड नाही. म्हटलं, हा नियम महसूल खात्याला दाखव. आमच्या तुरीत रोही शिरतात, रानडुकरं सोयाबीन नांगरून ठेवतात, आणि सुटकेसाठी आम्हाला अर्ज, पंचनामा, सातबारा, आधारकार्ड आणि फोटो लागतो. फोटोत डुक्कर असावं की नसावं यावर कार्यालयागणिक मतं वेगळी.

धुरा मात्र त्यांनाही आहे. पांढऱ्या खुंट्या ठोकलेल्या असतात. चेंडू पलीकडे गेला की एक फटका दंड आणि पुन्हा पहिल्या जागेवरून मारायचं. बस. एवढ्यात मिटतं. मी कर्नलला सांगितलं की आमच्याकडे धुरा वीतभर सरकला तर पहिल्या जागेवर यायला दोन पिढ्या जातात आणि तोवर वकिलाचा बंगला होतो.

नाशिकला जायचं ठरलं तेव्हा कर्नलच्या अंगात आलं होतं. नाशिकचा गोल्फ क्लब! इंग्रजांच्या काळात तिथं मोठे सामने होत, वगैरे त्यानं वाचलेलं. स्टेशनवर रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हटलं तर त्यानं क्षणाचाही विचार केला नाही. त्या शहरात शाळकरी पोरालाही गोल्फ क्लब ठाऊक आहे. उतरलो. समोर क्रिकेटचं मैदान. कडेनं माती घातलेला फिरण्याचा गोल, त्यावर पहाटेपासून अर्धं नाशिक चालतंय, कोपऱ्यात ज्येष्ठ नागरिक पोट धरून हसण्याचा व्यायाम करतायत. खांद्यावर पिशवी, त्यात चौदा काठ्या, अशा अवतारातला कर्नल पाहून त्यांचा व्यायाम जास्त चांगला झाला. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तेच कान्हेरे, ज्यांनी 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. इंग्रज साहेब जिथं संध्याकाळी चेंडू टोलवायचे, त्या जमिनीला जॅक्सनला मारणाऱ्याचं नाव, आणि तिथं रणजीचे सामने. लोकांच्या तोंडी मात्र अजून गोल्फ क्लबच. पाहिलेल्या सगळ्या कोर्सांत मला हा सगळ्यात पसंत पडला. कर्नल कट्ट्यावर बसून कचोरी खात होता. मी दोन फेऱ्या मारून आलो.

दुबईला भाचा आहे. त्यानं एमिरेट्स गोल्फ क्लब दाखवला. 1988 मध्ये तिथं वाळवंटात गवत उगवलं, त्या भागातला गवताचा पहिला कोर्स. क्लबहाऊस बेदुइनी तंबूंच्या आकाराचं, आणि पाणी समुद्राचं, गोडं करून. पण मला रस होता त्याआधीच्या गोष्टीत. गवत नव्हतं तेव्हा ही माणसं उघड्या वाळूतच खेळत. वाळूवर तेल टाकून ती दाबायची, ते झालं ग्रीन. आणि प्रत्येकानं काखोटीला हिरव्या चटईचा तुकडा घेऊन हिंडायचं, चेंडू जिथं पडेल तिथं चटई अंथरायची आणि तिच्यावर ठेवून मारायचा. भाच्याला हे विनोदी वाटत होतं. मला त्यात बाळापूरचा एप्रिल दिसत होता. आमच्या काळ्या मातीला एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चटई नसेल तर चेंडू मृगाच्या पावसातच वर येईल.

मुलगी स्कॉटलंडमध्ये असते, म्हणून सेंट अँड्र्यूजही पाहून झालं. कर्नलला हे अजून सहन होत नाही. ज्या ठिकाणासाठी तो देवाला नवस बोलतो, तिथं मी फुकट जाऊन आलो, आणि तेही रविवारी. रविवारी तिथला ओल्ड कोर्स खेळाला बंद असतो. जमीन सार्वजनिक, त्यामुळे गावचे लोक बाबागाड्या आणि कुत्री घेऊन हिंडतात. मी स्वेटरवर कोट, कोटावर मफलर अशा थाटात त्या दगडी स्विल्कन पुलावर उभा राहिलो, फोटो काढला आणि साळ्याला पाठवला. उत्तर आलं नाही.

मग मी माझं काम केलं. वाकून माती हातात घेतली. वाळू! समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधला पट्टा, खारा वारा, वरवरचं खुरटं गवत, नांगर घालून उपयोग नाही. मेंढ्या सोडायच्या, बस. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथं अंग घासून बसत तिथं खळगे पडले आणि त्यांचे बंकर झाले, असं तिथले लोक सांगतात. म्हणजे या खेळाच्या मूळपुरुषांनी कोणाचं पिकाऊ वावर घेतलंच नव्हतं. ज्या जमिनीत काही होत नाही, तिथं काठी आणि चेंडू घेऊन वेळ काढला. 1457 मध्ये त्यांच्या राजानं संसदेत या खेळावर बंदीही घातली, कारण पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून हेच करत होती. पुढं हा खेळ जहाजात बसून कलकत्त्याला आला, 1829 मध्ये क्लब निघाला, आणि मग जिथं तिथं चांगल्यात चांगली, पाण्याखालची जमीन बघून पसरला. मूळ गावी मात्र तो अजून खारवट पट्ट्यातच राहतो.

हे लक्षात आलं आणि मला त्या थंडीत घाम फुटला. खारवट पट्टा? अहो, तो तर आमचा!

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा असा तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेलाय. आमच्या तालुक्यातली कितीतरी गावं त्यात आहेत. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकाला दिलं की माती चोपण होते. पाऊस पडेल तेवढंच पीक. आजवर याच्यावर अहवाल झाले, दौरे झाले. पण गोल्फवाल्यांकडे सीशोर पास्पालम नावाचं एक गवत आहे, जे खारट पाण्यावर हसत वाढतं, हे कोणी आम्हाला सांगितलं नाही. दुसऱ्या बाजूनं बघा. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर आमचा किल्ला आहे. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं सुरू केला आणि 1757 मध्ये एलिचपूरच्या नवाबानं पुरा केला. पूर आला की जवळपास चारी बाजूंनी पाणी. बेटावरचं ग्रीन म्हणून अमेरिकेत फ्लोरिडात जे तळं खोदून बांधलंय, ते आमच्याकडे विटांच्या तटबंदीसकट तयार आहे. राहिला रस्ता. खड्ड्यांचा विनोद मी करणार नाही, तो आमच्याकडे प्रत्येकानं करून झालाय. आणि 2022 च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेल्यापासून तो करताना थोडं अवघडल्यासारखंही होतं. पाहुणे येतील, आरामात येतील.

आणि गावाला गोल्फ अगदीच परका आहे असं नाही. 7 ऑगस्ट 2021, शनिवार. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या जवळ आहे म्हणून सकाळी सगळा देश गोल्फ बघायला बसला होता. आमच्या इथं बर्डी म्हणजे काय हे पावणेसातला कळलं आणि साडेसातला लोक तिला पट कसा करायचा ते सांगायला लागले. एकजण तर ‘वाऱ्याचा अंदाज चुकला तिचा’ असं म्हणाला, ज्यानं आयुष्यात पंख्याचा रेग्युलेटर नीट फिरवलेला नाही. ती चौथी आली. संध्याकाळी नीरजनं भाला फेकला आणि तीच माणसं भालाफेकीचे मार्गदर्शक झाली.

तेव्हा परवा कृषी केंद्रावर बियाण्याच्या भावाची चर्चा चालली होती, तिथं मी विषय काढला. सगळी योजना मांडली. खारं पाणी, पास्पालम, किल्ला, छत्री, रेकॉर्डचा रस्ता.

“एकर किती लागते?” पहिला प्रश्न. माझा ऊर भरून आला. एवढे कोर्स हिंडलो, हा प्रश्न विचारणारा माणूस मला माझ्याच गावात भेटला.

“दीडशे.”

“अन पीक?”

“काहीच नाही.”

“खर्च?”

“भरमसाट.”

दुकानदारानं युरियाच्या पोत्यावर हात टेकला. “मंग भाऊ, आता कोन्तं वेगळं चालू हाय?”

यावर पाच मिनिटं सगळे हसले, मी पण हसलो. मग कामाचे प्रश्न आले. कॅडीची मजुरी रोजानं की गुत्त्यानं? रोही आत आले तर ते सभासद धरायचे का? हराळीच लावायची असेल तर आमच्या वावरातून उपटून न्या, वाहतूक तुमची. कोपऱ्यातला म्हातारा इतका वेळ ऐकत होता, त्यानं विचारलं की बॉल हरवला तर काय करतात.

म्हटलं, शोधतात. पण नियमानं तीनच मिनिटं. तेवढ्यात सापडला नाही तर गेला म्हणायचं, दंड भरायचा.

“तीन मिन्टं?” म्हातारा धोतर झटकत उठला. “आमाले पीकविमेवाले तरी बहात्तर तास देतात बाप्पा.”